नादारी व दिवाळखोरी संहिता, २०१६

कर्ज थकवलेल्या कंपनीचे पुनरुज्जीवन किंवा अवसायन (मालमत्ता विकून कंपनी बंद करणे) ठरावीक मुदतीत व्हावे यासाठी भारतात केलेला कायदा. व्यवहारात 'आयबीसी' हेच नाव रूढ. कंपन्यांविषयीच्या मुख्य तरतुदी १ डिसेंबर २०१६ पासून लागू आहेत. त्याआधी आजारी कंपनी 'बीआयएफआर' या आजारी उद्योगांसाठीच्या सरकारी मंडळाकडे गेली की वसुलीला स्थगिती मिळे आणि प्रवर्तक खुर्चीत तसाच राही. आता एनसीएलटीने (राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाने) अर्ज दाखल करून घेताच संचालक मंडळाचे अधिकार निलंबित होतात, कारभार रिझोल्युशन प्रोफेशनल या नेमलेल्या व्यावसायिकाकडे जातो आणि मोठे निर्णय धनको समिती, म्हणजे मुख्यतः कर्ज देणाऱ्या बँकांची समिती, घेते.

बँक कलम ७ खाली, माल वा सेवा पुरवणारा कलम ९ खाली आणि कंपनी स्वतः कलम १० खाली अर्ज करते. किमान थकबाकीची अट १ लाखावरून २४ मार्च २०२० रोजी १ कोटी झाली. लहान पुरवठादाराला हे दार तेव्हाच जवळपास बंद झाले. पुरवठादाराने आधी कलम ८ ची मागणी नोटीस देऊन १० दिवस थांबावे लागते. नोटिशीपूर्वीच मालाच्या दर्जाबद्दल किंवा बिलाबद्दल खरा वाद झाल्याचा पुरावा असेल, तर अर्ज फेटाळला जातो. जुन्या तक्रारीचा एखादा ईमेलही त्याला पुरतो. थकबाकीपासून ३ वर्षांची मुदतही पाळावी लागते. २५ मार्च २०२० ते २४ मार्च २०२१ या करोना काळातल्या थकबाकीवर अर्ज कधीच करता येत नाही.

अर्ज दाखल करून घेतला गेल्यावर कंपनीविरुद्धचे कोर्टातले खटले आणि वसुली थांबते. जाहीर सूचना निघते. पुरवठादाराने 'बी', बँकेने 'सी', घरखरेदीदाराने 'सीए' आणि कामगाराने 'डी' नमुन्यात साधारण १४ दिवसांत दावा द्यायचा. 'आमचे पैसे कंपनीच्या हिशेबात दिसतातच' म्हणून गप्प बसणे महागात पडते: कंपनी वाचवण्याची योजना (रिझोल्युशन प्लॅन) मंजूर झाली की तिच्यात नसलेले दावे संपतात, सरकारी करसुद्धा. घनश्याम मिश्रा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये हे स्पष्ट केले.

योजना मंजूर व्हायला धनको समितीत कर्जाच्या मूल्यानुसार ६६ टक्के मते लागतात (२०१८ पूर्वी ७५), अर्ज मागे घ्यायला ९० टक्के. पुरवठादारांना सहसा मत नसते. कंपनी अवसायनात गेली असती तर जे हाती पडले असते, तेवढे तरी त्यांना द्यावे लागते. पण तारणधारक आणि कामगार रांगेत पुढे असल्याने तो आकडा अनेकदा शून्यच निघतो.

घरखरेदीदार २०१८ पासून वित्तीय धनको, म्हणजे बँकेसारखे कर्ज देणारे, गणले जातात. २०२० च्या दुरुस्तीनुसार त्यांना अर्जासाठी एकाच प्रकल्पातले १०० जण किंवा एकूण खरेदीदारांच्या १० टक्के, यांपैकी जे कमी असेल तेवढे एकत्र आणावे लागतात. कलम २९अ (२०१७) मुळे थकबाकीदार प्रवर्तकाला आपलीच कंपनी स्वस्तात परत घेता येत नाही. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांना यात सवलत आहे. याच उद्योगांसाठी २०२१ मध्ये 'प्री-पॅक', म्हणजे धनकोंशी आधीच बोलणी करून अर्ज करण्याची पद्धत, आले: किमान थकबाकी १० लाख, मुदत १२० दिवस, आणि कारभार मालकाकडेच.

मुदत हेच संहितेचे दुखणे. कायद्यात कोर्टकचेरीसह ३३० दिवस आहेत. पण सर्वोच्च न्यायालयाच्या एस्सार स्टील निकालाने (२०१९) ही मर्यादा अपवादात्मक स्थितीत सैल केली. मुंबईत जून २०१९ मध्ये सुरू झालेले जेट एअरवेजचे प्रकरण योजना मंजूर होऊनही अमलात आले नाही आणि ७ नोव्हेंबर २०२४ रोजी अवसायनावर संपले. थकबाकी सिद्ध झाली की अर्ज १४ दिवसांत दाखल करून घ्यावाच, यावर १२ ऑगस्ट २०२५ रोजी लोकसभेत मांडलेल्या दुरुस्ती विधेयकाचा भर होता.

बँका या संहितेबाहेर आहेत. नागरी सहकारी बँकेवर निर्बंध आले तर ठेवीदाराला २०२१ च्या दुरुस्तीमुळे ५ लाखांपर्यंतचा ठेव विमा ९० दिवसांत मिळतो. वित्त कंपन्यांसाठी मात्र नोव्हेंबर २०१९ मध्ये वेगळे नियम झाले आणि मुंबईची गृहवित्त कंपनी डीएचएफएल त्यांखाली पहिली आली. गृहवित्त कंपनीतल्या ठेवीला विमा नसतो, त्यामुळे तिच्या मुदत ठेवीदारांना धनको म्हणून दावे लावावे लागले.