टाकीतली वीज: फ्लो बॅटरी कुठे कामाची आणि कुठे नाही

महावितरण आता स्मार्ट मीटरवाल्या घरांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या वापरावर दरात सवलत देतं, म्हणजे सरळ अर्थ असा की दुपारची वीज जास्त झालीय, वापरा बाबांनो. तिकडे राजस्थानात २०२५ मध्ये लाइन अपुऱ्या पडल्या म्हणून भर दुपारी सोलर प्लांटना उत्पादन कमी करायला सांगायची वेळ आली. आणि संध्याकाळी सातला सूर्य गेलेला, सगळ्या घरात दिवे-पंखे-एसी चालू, तेव्हा पुन्हा कोळसाच. ही दुपारची वीज रात्रीपर्यंत धरून कशी ठेवायची हा सगळा प्रश्न आहे, आणि बॅटरी म्हटलं की सगळ्यांना लिथियमच आठवते कारण ती मोबाइलमध्ये, स्कूटरमध्ये, सगळीकडे आहे. पण ग्रिडसाठी, म्हणजे वीजपुरवठ्याच्या मोठ्या जाळ्यासाठी, अजून एक जात आहे, फ्लो बॅटरी, तिच्याबद्दल मराठीत फार कमी बोललं जातं म्हणून हे.

तत्त्व समजायला आपलं घाटघर बघा. अकोले तालुक्यात वरचं धरण, खाली शहापूरच्या बाजूला चोंढ्याला दुसरं, मधे चारेकशे मीटरचा उतार आणि १२५ मेगावॅटची दोन मशीनं. वीज स्वस्त असताना पाणी वर चढवायचं आणि मागणी वाढली की खाली सोडायचं. इथे एका वेळी किती वीज मिळणार ते मशीनवर ठरतं आणि किती तास मिळणार ते धरणातल्या पाण्यावर. दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या. फ्लो बॅटरीत नेमकं हेच आहे, फक्त पाण्याच्या जागी रसायन आणि धरणाच्या जागी टाकी, त्यामुळे तिला ना डोंगर लागतो ना जमीन बुडवावी लागते.

आता आत काय होतं ते नीट बघू. सध्या सगळ्यात जास्त चालणारा प्रकार व्हॅनेडियमचा. दोन मोठ्या टाक्या, दोन्हीत पातळ केलेलं सल्फ्युरिक ॲसिड आणि त्यात विरघळलेलं व्हॅनेडियम. हा धातू जरा अजब आहे, त्याचे चार वेगवेगळे विद्युतभार पाण्यात टिकतात आणि प्रत्येकाचा रंग वेगळा. बॅटरी रिकामी असताना एका टाकीत निळा द्राव आणि दुसऱ्या टाकीत हिरवा. चार्ज करायला लागलात की निळ्याचा पिवळा होतो आणि हिरव्याचा जांभळा. हे दोन द्राव पंपाने स्टॅकमध्ये, म्हणजे सेलच्या थप्पीत, ढकलले जातात, तिथे प्रत्येक सेलमध्ये पातळशा मेम्ब्रेनच्या, म्हणजे दोन द्राव वेगळे ठेवणाऱ्या पडद्याच्या, दोन बाजूंना कार्बनच्या नमद्यासारखी जाड जाळी असते, द्राव त्या जाळीतून झिरपत जातो आणि तिथेच इलेक्ट्रॉन देवाणघेवाण करतो. इलेक्ट्रॉन बाहेरच्या तारेतून जातात तीच आपली वीज, आणि हिशोब जुळवायला मेम्ब्रेनमधून हायड्रोजनचे आयन पलीकडे सरकतात. एका सेलला मिळतात जेमतेम सव्वा व्होल्ट, म्हणून असे कितीतरी सेल एकाला एक चिकटवून स्टॅक बनवतात.

गंमत अशी की या सगळ्यात मुख्य माल झिजत नाही. लिथियम बॅटरीत दर चार्जला आयन इलेक्ट्रोडच्या आत घुसतात, बाहेर येतात, त्यात तो फुगतो, आकसतो, थोडा थोडा खराब होतो. इथे वीज साठवणारा पदार्थ द्रवातच राहतो, जाळी फक्त जागा देते. पंप बदला, मेम्ब्रेन बदला, द्राव तोच. वीसेक वर्षांनी प्लांट मोडीत काढला तरी व्हॅनेडियम टाकीत जसंच्या तसं, म्हणून काही कंपन्या द्राव विकण्याऐवजी भाड्यानेच देतात!

ही युक्ती लगेच नाही सुचली. १९७० च्या दशकात तेलसंकटाच्या काळात नासामध्ये लॉरेन्स थॅलर यांनी लोखंड आणि क्रोमियमची फ्लो बॅटरी बनवायला घेतली होती. दोन टाक्यांत दोन वेगळे धातू. पण मेम्ब्रेन काही शंभर टक्के घट्ट नसतो, हळूहळू इकडचं लोखंड तिकडे आणि तिकडचं क्रोमियम इकडे, आणि बॅटरीची ताकद उतरत जाते, वर क्रोमियमची रिॲक्शन मुळातच सुस्त. १९८० च्या दशकात सिडनीच्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठात मारिया स्कायलास-काझाकोस आणि त्यांच्या टीमने दोन्हीकडे एकच धातू घेतला. मग गळून पलीकडे गेला तरी काय बिघडलं, तिथेही व्हॅनेडियमच आहे, त्या वेळची थोडी वीज वाया जाते एवढंच, दोन्ही टाक्यांतला द्राव एकत्र करून पुन्हा वाटला की बहुतेक सगळं पूर्ववत. १९८६ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला. मला विचाराल तर या विषयातली सगळ्यात देखणी कल्पना हीच.

मग एवढं चांगलं आहे तर सगळीकडे का नाही? पहिलं म्हणजे आकार. एक युनिट वीज साठवायला ढोबळमानाने ४० लिटर द्राव लागतो. दिवसाला दहा युनिट वापरणाऱ्या घराला ४०० लिटर ॲसिड, कोण ठेवणार गॅलरीत? गाडीचं तर नावच नको. ग्रिडला मात्र जागेचं एवढं कौतुक नसतं. चीनमध्ये दालियानला २०२२ मध्ये १०० मेगावॅटची फ्लो बॅटरी सुरू झाली, ती ४ तास चालते म्हणजे ४ लाख युनिट, वरच्या हिशोबाने दीडेक कोटी लिटर द्राव. जपानमध्ये होक्काइडो बेटावर सुमितोमो कंपनीने त्याआधीच, २०१५ च्या सुमारास, १५ मेगावॅटची बसवलीय, तिथे वारा आणि उन्हाची वीज वर-खाली होते ती सावरायला.

दुसरं, १०० युनिट भरले तर परत सत्तरच्या आसपास मिळतात, कारण काही वीज स्टॅकमध्येच उष्णता होऊन जाते आणि वर पंपही वीज खातात. लिथियममध्ये ८५-९० मिळतात. तिसरं आणि खरं दुखणं पैसा. एका युनिटमागे पाच-सहा किलो व्हॅनेडियम लागतं, ते मुख्यतः चीन, रशिया, दक्षिण आफ्रिका आणि ब्राझीलमधून येतं आणि त्यातलं बहुतेक जातं स्टीलमध्ये, त्यामुळे स्टीलचा बाजार हलला की बॅटरीची किंमतही हलते. तेवढ्यात लिथियम इतकी स्वस्त झाली की फ्लोवाल्या बऱ्याच कंपन्यांचा श्वास कोंडला. ऑस्ट्रेलियातली झिंक-ब्रोमीनवाली रेडफ्लो तर २०२४ मध्ये बंदच पडली.

आगीच्या बाबतीत मात्र फ्लो बॅटरी निर्विवाद पुढे आहे. जानेवारी २०२५ मध्ये कॅलिफोर्नियात मॉस लँडिंगच्या लिथियम प्लांटला आग लागली तेव्हा आसपासच्या हजारावर लोकांना घरं सोडायला सांगितलं. व्हॅनेडियमचा द्राव म्हणजे बहुतांश पाणी, तो पेटत नाही. गळू शकतो हे खरं, आणि ॲसिड गळणं काही साधी गोष्ट नाही, म्हणून टाकीभोवती बांध घालावाच लागतो.

आपल्याकडे अजून एक भानगड, उन्हाळा. साध्या सल्फ्युरिक ॲसिडातला तो पिवळा द्राव ४० अंशांच्या वर गेला की त्यातून घन कण सुटायला लागतात आणि जाळी तुंबते. चंद्रपूरला, अकोल्याला मे महिन्यात सावलीतच ४५! अमेरिकेतल्या पॅसिफिक नॉर्थवेस्ट लॅबने त्यात हायड्रोक्लोरिक ॲसिड मिसळून ही मर्यादा ५० अंशांपर्यंत नेली, पण क्लोराइड आलं की बाकी सामानही ते सहन करणारं हवं. नाहीतर कूलिंग लावा, म्हणजे पुन्हा वीज खर्च.

माझं मत विचाराल तर फ्लो विरुद्ध लिथियम ही भांडणं बरीचशी तासांवर येऊन सुटतात. आपल्याकडे ग्रिड बॅटरीची टेंडरं बहुतेक दोन तासांची निघतात, तिथे फ्लोवाल्याने भाग घेणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण, कारण महागडा स्टॅक घ्यायचा आणि त्याला एवढीशीच टाकी जोडायची. पण तेच आठ-दहा तास हवे असतील तर लिथियमला जवळजवळ सगळंच चौपट-पाचपट घ्यावं लागतं आणि इथे स्टॅक तोच, फक्त टाकी आणि द्राव वाढतो. द्राव स्वस्त नाही म्हणून हे गणित अजून पूर्ण जुळत नाही, लोखंडासारख्या स्वस्त धातूवर परत लोक काम करतायत ते त्यासाठीच. ग्रेटर नोएडात एनटीपीसीच्या नेत्रा संशोधन केंद्रात २०२५ च्या नोव्हेंबरात ३ मेगावॅट-तासाची, म्हणजे ३ हजार युनिटची, व्हॅनेडियम बॅटरी सुरू झालीय, दालियानपुढे ती चिमुकलीच, पण मे-जूनच्या उन्हात कूलिंगला किती वीज जाते याचे आपल्या हवेतले आकडे तिथून मिळतील, आणि रात्रभराच्या साठ्याचं टेंडर लिहायला बसणाऱ्याला तेच लागणार आहेत.