घरच्या सर्व्हरवरून लावलेल्या चित्रपटाचा आवाज बारीक का येतो

घरातल्या एखाद्या जुन्या संगणकावर जेलीफिन, प्लेक्स किंवा एम्बी यांसारखे मीडिया सर्व्हर सॉफ्टवेअर बसवून चित्रपटांचा संग्रह टीव्हीवर पाहणाऱ्या बहुतेकांना एक अनुभव येतोच. संवाद ऐकू यावेत म्हणून रिमोटवरचा आकडा वाढवत न्यावा लागतो, आणि चित्रपट संपल्यावर तसाच बातम्यांचा चॅनेल लावला की घर दणाणून जाते. दोष सर्व्हरला दिला जातो. मात्र आवाज बारीक ठेवण्याचा निर्णय या सॉफ्टवेअरचा जन्म होण्याच्या कितीतरी आधी, चित्रपटगृहात झालेला आहे.

चित्रपटाचे ध्वनिमिश्रण ठरावीक पातळीवर केले जाते. डिजिटल मोजपट्टीच्या कमाल मर्यादेखाली २० डेसिबल इतका चाचणी-ध्वनी सोडला, तर पडद्यामागच्या प्रत्येक स्पीकरमधून प्रेक्षकाच्या जागी ८५ डेसिबल आवाज पोहोचला पाहिजे, असा हा संकेत आहे. वरचे २० डेसिबल स्फोट, मेघगर्जना आणि वाद्यवृंदाचा कल्लोळ यांच्यासाठी राखून ठेवलेले असतात. साहजिकच संवाद मर्यादेच्या बऱ्याच खाली राहतात आणि ते पुरेसे ऐकू येण्याची जबाबदारी चित्रपटगृहाच्या ॲम्प्लिफायरवर टाकलेली असते. ही विभागणी सुज्ञपणाची होती, फक्त तिने शेवटच्या टोकाला ताकदवान ॲम्प्लिफायर आहे असे गृहीत धरले होते.

१९९२ साली ‘बॅटमॅन रिटर्न्स’बरोबर डॉल्बी डिजिटल चित्रपटगृहात आले आणि पुढे लेझरडिस्क व डीव्हीडीमार्फत घरात शिरले. या पद्धतीत ध्वनीबरोबर ‘डायलनॉर्म’ नावाचा एक आकडा पाठवला जातो आणि संवादांची सरासरी पातळी कमाल मर्यादेच्या किती खाली आहे, ते तो सांगतो. हा आकडा वाचून डिकोडर (ध्वनी उलगडणारा भाग) प्रत्येक कार्यक्रमाचे संवाद मर्यादेखाली ३१ डेसिबल या एकाच पातळीवर आणतो. म्हणजे डायलनॉर्म उणे २७ असेल, तर सगळा ध्वनी ४ डेसिबलने खाली येतो. कार्यक्रमागणिक रिमोट हाती घ्यावा लागू नये हा हेतू होता, पण समानता साधण्यासाठी निवडलेली पातळीच फार खालची होती. त्याच डिकोडरमध्ये ‘आरएफ मोड’ नावाची दुसरी सोयही ठेवलेली होती. सेट-टॉप बॉक्स अँटेनाच्या तारेने टीव्हीला जोडला जाई त्या काळासाठी ती होती. तिच्यात पातळी ११ डेसिबलने चढवून मोठे आवाज दाबले जात. आज टीव्हीवरचा ‘नाइट मोड’ जे काम करतो, ते बरेचसे हेच.

खरी गफलत मात्र चित्रपटाच्या ध्वनीच्या सहा वाहिन्यांच्या (वेगवेगळ्या स्पीकरसाठीच्या ध्वनिप्रवाहांच्या) दोन वाहिन्या करताना होते. बहुतेक संवाद मधल्या वाहिनीत असतात आणि सपाट टीव्हीला मधला स्पीकर नसतो. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या बीएस.७७५ या शिफारशीनुसार डाव्या स्पीकरमध्ये डावी वाहिनी पूर्ण, तर मधली आणि डावीकडची मागची प्रत्येकी ०.७०७ पट मिसळतात, उजवीकडेही तसेच. या गुणकांची बेरीज २.४१४ भरते. तिन्ही वाहिन्या एकाच क्षणी कमाल पातळीवर पोहोचल्या तर ध्वनी फाटेल, म्हणून सावध सॉफ्टवेअर सगळ्याला २.४१४ ने भागते आणि संपूर्ण ध्वनी सुमारे ७.७ डेसिबलने उतरतो. असा क्षण प्रत्यक्षात क्वचितच येतो, पण किंमत अख्ख्या चित्रपटाला मोजावी लागते.

दूरदर्शन प्रक्षेपणाचा रस्ता वेगळा निघाला. २००६ च्या बीएस.१७७० या शिफारशीने कानाला जाणवणारा मोठेपणा मोजण्याची पद्धत दिली, २०१० मध्ये युरोपातील प्रक्षेपकांच्या संघटनेने उणे २३ एलयूएफएस (जाणवणाऱ्या मोठेपणाचे एकक) ही पातळी ठरवली आणि अमेरिकेत जाहिरातींच्या आरडाओरड्याविरुद्ध त्याच वर्षी संमत झालेला कायदा डिसेंबर २०१२ पासून लागू झाला. घरच्या संग्रहाला मात्र असा कोणी प्रक्षेपक नसतो. तिथे मर्यादेला टेकेपर्यंत चढवलेली जुनी स्टिरिओ फाइल आणि चित्रपटगृहाच्या पातळीवरची सहा वाहिन्यांची फाइल एकाच फोल्डरमध्ये नांदतात.

प्लेक्स या सर्व्हरचे घराणे एक्सबॉक्स या खेळयंत्रासाठी लिहिलेल्या, २०१४ पासून कोडी म्हणवणाऱ्या सॉफ्टवेअरपर्यंत मागे नेता येते. ते त्याच्याच मॅकवरील शाखेतून निघाले. एम्बीने आपला सोर्स कोड सर्वांसाठी खुला ठेवणे बंद केल्यावर २०१८ च्या अखेरीस जेलीफिन त्यापासून वेगळे झाले. ध्वनी उलगडण्याचे आणि मिसळण्याचे काम या सर्वांनी मुख्यतः २००० साली सुरू झालेल्या एफएफएमपेग या प्रकल्पावर सोपवले आहे. इथे एक बारकावा आहे. एफएफएमपेगचा डॉल्बी डिकोडर मुद्दाम सांगितल्याशिवाय डायलनॉर्मप्रमाणे पातळी उतरवत नाही, तर टीव्ही किंवा रिसीव्हर सहसा ती उतरवतो. त्यामुळे फाइल जशीच्या तशी टीव्हीकडे गेली की एक पातळी आणि सर्व्हरने वाटेत रूपांतर केले की दुसरी, असे एकाच चित्रपटाच्या बाबतीत घडू शकते.

जेलीफिनमध्ये डाउनमिक्स (सहा वाहिन्यांच्या दोन) करताना आवाज वाढवण्याचा जो आकडा आहे, तो मुळातच २ ठेवलेला असतो, म्हणजे सुमारे ६ डेसिबलची वाढ. पुढे मिश्रणाचे सूत्र निवडण्याची सोयही आली. त्यांतले ‘नाइटमोड डायलॉग’ हे सूत्र मधली वाहिनी पूर्ण घेते आणि बाजूच्या व मागच्या वाहिन्या ०.३० पटीवर आणते, त्यामुळे संवाद उठून येतात आणि पार्श्वसंगीत मागे हटते. या दोन्ही सोयी सर्व्हर स्वतः ध्वनीचे रूपांतर करत असेल तेव्हाच लागू पडतात. सेटिंग बदलूनही काहीच फरक पडला नाही अशी तक्रार असेल, तर फाइल थेट टीव्हीकडे जात आहे का, हे आधी पाहावे लागते. तशी जात असेल तर उपाय टीव्हीच्याच ध्वनी-मेनूत शोधावा लागतो, किंवा टीव्हीवरच्या ॲपला दोनच वाहिन्या मागायला सांगून रूपांतराचे काम सर्व्हरकडे परत पाठवावे लागते.