दाद आणि हुल्लड: नुसत्या आवाजावरून ठरवू नका

शिट्टी मारणारा प्रेक्षक वाह्यात आणि हाताची घडी घालून गप्प बसणारा रसिक, असा एक सरधोपट हिशेब आपल्याकडे रूढ आहे. शास्त्रीय मैफलीला जाणारे तो लावणीच्या प्रेक्षकांना लावतात, घरातली मोठी माणसं रॉक कॉन्सर्टला जाणाऱ्या पोरांना लावतात. मला हा हिशेब चुकीचा वाटतो आणि त्याने दुहेरी नुकसान होतं. मनापासून दाद देणारा हुल्लडबाज ठरतो आणि खरा त्रास देणारा केवळ आवाज करत नाही म्हणून सुटतो.

दाद आणि हुल्लड लांबून सारख्याच दिसतात. दोन्हींत आवाज असतो, हालचाल असते, अंगात आलेला उत्साह असतो. फरक इतकाच, की रंगमंचावर काहीतरी घडतं आणि त्याला उत्तर म्हणून दाद येते. हुल्लडीला रंगमंचावर काय चाललंय याच्याशी घेणंदेणं नसतं. तिथे कोणीही गात असो, काहीही वाजत असो, ती तशीच चालू राहते.

ख्यालाच्या मैफलीत हे अगदी जवळून दिसतं. विलंबित एकताल चालू आहे. गायिका आलाप करत करत आवर्तनाच्या, म्हणजे तालाच्या एका फेरीच्या, शेवटाकडे येते आहे. तबलजी ठेका धरून आहे आणि समोर बसलेल्यांपैकी निम्मे लोक मनातल्या मनात मात्रा मोजताहेत. ती मुखडा, म्हणजे बंदिशीची सुरुवातीची ओळ, उचलते, एखादी अनपेक्षित जागा घेते आणि नेमकी समेवर, आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, येते. त्या क्षणी सभागृहातून एकदम ‘अहाहा’ निघतं, माना हलतात, मांडीवर हात पडतो. कोणी कोणाला खूण केलेली नसते. सगळे तोच ताल धरून बसले होते, म्हणून सगळ्यांचा आवाज एका ठिकाणी आला. दोन मात्रांत तो विरतो आणि पुढच्या आवर्तनाला जागा मोकळी होते. गाणाऱ्याला यातून काय मिळतं, ते पुढच्या आलापात ऐकू येतं.

आता तोच ‘क्या बात है’ आलापाच्या मध्यावर, स्वर लागत असताना, खणखणीत आवाजात आला तर? शब्द तेच, पण त्याने स्वर झाकला गेला. प्रत्येक मैफलीत पहिल्या दोन-तीन रांगांत असा एखादा असतो. दर अर्ध्या मिनिटाला तो वाहवा करतो, ती गाण्याला नसते, आपल्याला गाणं कळतं हे शेजाऱ्यांना कळावं म्हणून असते. हीही हुल्लडच आहे, फक्त सोवळं नेसून आलेली.

पुण्यातला सवाई गंधर्व महोत्सव 1953 साली पंडित भीमसेन जोशींनी आपल्या गुरूंच्या स्मरणार्थ सुरू केला. तिथला श्रोता कलावंतांना हवाहवासा वाटतो, त्याचं कारण हेच आहे. मांडवात हजारो माणसं असतात, बाहेर खाण्याच्या स्टॉलवर गप्पांचा फड जमलेला असतो, कोणी मध्येच उठून चहाला जातो. कडक शिस्तीची ती जागा नव्हे. पण समेवर दाद येते ती मांडवभर येते. असा श्रोता एका रात्रीत तयार होत नाही. आई-वडिलांच्या मांडीला मांडी लावून ऐकत बसलेल्या पोरांना ती दाद हळूहळू उमगत जाते.

मराठी प्रेक्षक मुळात गप्प बसणारा कधीच नव्हता. 1880 साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी संगीत रंगभूमी उभी केली आणि पुढे बालगंधर्वांच्या काळात ‘वन्स मोअर’ हा नाटकाचाच भाग होऊन बसला. पद संपलं की पिटातून, म्हणजे स्वस्तातल्या जागांवरून, आरोळी यायची, कथानक थांबायचं आणि पद पुन्हा व्हायचं. बालगंधर्व ते पुन्हा गाताना वेगळ्या जागा घ्यायचे, म्हणूनच लोक पुन्हा मागायचे. आजच्या कोणी तो आरडाओरडा ऐकला तर त्याला गोंधळ म्हणेल. पण ती मागणी गाणं ऐकून आलेली होती आणि गाणाऱ्याला तिचं सोनं करता येत होतं.

आणि ज्या युरोपच्या शांततेचं आपल्याला फार अप्रूप वाटतं, ती शांतताही तिथे पूर्वापार नव्हती. मोत्सार्टने जुलै 1778 मध्ये पॅरिसहून वडिलांना लिहिलेलं एक पत्र प्रसिद्ध आहे. आपल्या नव्या सिंफनीत (वाद्यवृंदासाठी बांधलेली, अनेक भागांची रचना) लोकांना आवडेल असा एक तुकडा त्याने मुद्दाम घातला होता. तो वाजताच, संगीत चालू असतानाच, टाळ्या पडल्या. त्याला रागबिग आला नाही. आवडणार हे ठाऊकच होतं, म्हणून तो तुकडा शेवटाकडे पुन्हा घातला होता, असं तो खुशीत लिहितो. शेवटच्या भागाची सुरुवात त्याने हळुवार व्हायोलिननी केली, तेव्हा लोकांनीच एकमेकांना गप्प केलं आणि सगळा वाद्यवृंद एकदम वाजू लागताच पुन्हा टाळ्या. अंधारलेल्या सभागृहात श्वास रोखून बसायची आणि सिंफनीच्या दोन भागांमध्ये टाळी न वाजवण्याची पद्धत नंतरची, एकोणिसाव्या शतकात आणि विसाव्याच्या सुरुवातीला घट्ट झालेली. मुंबईत एनसीपीएला सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया ऐकायला गेलात तर ती जरूर पाळा. त्या संगीताला आणि त्या सभागृहाला ती शोभते. पण तीच पट्टी घेऊन लावणीचा फड मोजायला जाऊ नका.

लावणी शिट्टीसाठीच बांधलेली असते, असं म्हटलं तरी चालेल. ढोलकीचा तोडा, त्यावर घुंगरांची लय, शेवटी एक नजर किंवा मानेचा झटका, आणि त्याला समोरून शिट्टी. ही समच आहे, वेगळ्या घराण्याची. फेटा उडवणं, फर्माईश करून दौलतजादा करणं म्हणजे कलावंताला पैसे देणं, हे त्या बैठकीचे जुने रिवाज आहेत. खास महिलांसाठी होणाऱ्या लावणीच्या कार्यक्रमांत बायका खुर्चीवर उभ्या राहून शिट्ट्या मारतात, नाचतात, आणि रंगमंचावरची कलावंत दुप्पट जोमाने नाचते. त्यात हुल्लडीचा लवलेश नसतो.

मग लावणीत हुल्लड सुरू कुठे होते? नोट पुढे करणारा हात नोट देऊन मागे जात नाही, मनगट धरतो, तिथे. लावणी संपल्यावरही अश्लील शेरे चालूच राहतात, तिथे. बॅरिकेड मोडतं, लोक कौलांवर चढतात, तिथे. 2022-23 मध्ये गौतमी पाटील यांच्या कार्यक्रमांना गावोगावी तुफान गर्दी व्हायची, धक्काबुक्की व्हायची, काही ठिकाणी पोलिसांना लाठ्या चालवाव्या लागल्या. त्यांच्या नाचाबद्दल मतभेद असू शकतात आणि तेव्हा ते जाहीरपणे झालेही. पण धुडगूस प्रेक्षकांनी घातला आणि जाब नाचणाऱ्या बाईला विचारला गेला, याचा मला आजही संताप येतो. कपडे बदलताना चोरून त्यांचं चित्रीकरण करण्यात आलं, तेव्हाही तिनेच सांभाळायला हवं होतं म्हणणारे निघाले. हुल्लडीची जबाबदारी हुल्लड करणाऱ्याची. रंगमंचावर काहीही चालू असलं तरी यात फरक पडत नाही.

आता दुसऱ्या टोकाला जाऊ. हार्डकोअर पंक आणि मेटलच्या कॉन्सर्टमध्ये मॉश पिट नावाचा प्रकार असतो. रंगमंचासमोर माणसं गोल करतात आणि गाण्याचा वेग वाढला की एकमेकांवर जाऊन आदळतात. बाहेरून पाहणाऱ्याला ही मारामारीच वाटते. पण आत नियम असतो आणि तो बहुतेकांना पाठ असतो: कोणी पडला की आजूबाजूचे थांबतात आणि त्याला हाताला धरून उभं करतात. चष्मा किंवा बूट सापडला तर वर धरून विचारतात, कोणाचा. ज्याला यात यायचं नाही तो कडेला उभा राहतो, त्याला आत ओढायचं नाही. गाणं संथ झालं की गोलही संथ होतो. म्हणजे कान रंगमंचाकडे आहेत आणि शेजारच्याची फिकीरही आहे. मी याला बेधडक दाद म्हणते. तोच पिट एखाद्याने दुसऱ्याला ठोसे मारायला किंवा गर्दीतल्या मुलीच्या अंगाला हात लावायला वापरला, की तिथे हुल्लड सुरू झाली. आणि त्याची खंत सगळ्यात आधी पिटातल्या जुन्या लोकांनाच वाटते.

आवडलं नाही तर? नापसंती दाखवणं म्हणजेही आपोआप हुल्लड नव्हे. मे 1966 मध्ये मँचेस्टरला बॉब डिलन इलेक्ट्रिक गिटार घेऊन उभा होता. लोकसंगीत सोडून त्याने दगा दिला असं वाटणाऱ्यांपैकी एकाने दोन गाण्यांच्या मधल्या शांततेत ओरडून त्याला ‘जूडास’ म्हटलं, म्हणजे येशूला दगा देणारा शिष्य. शब्द फार कडवट आहे. तरीही तो त्या संध्याकाळच्या संगीताबद्दल होता आणि डिलनने त्याला तिथल्या तिथे उत्तर दिलं. याच्या शेजारी जून 2023 मधला न्यूयॉर्कचा प्रकार ठेवा. बेबी रेक्सा या गायिकेच्या चेहऱ्यावर प्रेक्षकांतून फोन भिरकावला गेला आणि तिला टाके पडले. पकडलेल्या माणसाचं म्हणणं होतं की नेम लागतो का बघत होतो, गंमत वाटेल म्हणून. गाणं आवडलं किंवा नावडलं, याचा त्यात कुठे संबंधच नाही. त्याच्या लेखी ती गायिका नव्हतीच.

इथे आणखी एक गल्लत होते आणि तिची किंमत माणसांच्या जिवाने मोजावी लागते. गर्दीत चेंगरून लोक गेले की बातमीत पहिला शब्द येतो ‘बेभान जमाव’. 3 डिसेंबर 1979 ला अमेरिकेत सिनसिनाटी इथे ‘द हू’ या बँडच्या कॉन्सर्टआधी 11 जण दारात चेंगरून मेले. तिकिटांवर आसनक्रमांक नव्हते, जो आधी शिरेल त्याला पुढची जागा, आणि हजारो लोक बाहेर उभे असताना दारं मोजकीच उघडली होती. सुरुवातीला खापर पोरांवर फुटलं. नंतर त्या शहराने अशा बिनक्रमांकाच्या तिकिटांवरच बंदी घातली आणि ती पुढे बरीच वर्षं टिकली. नोव्हेंबर 2021 मध्ये ह्यूस्टनच्या ॲस्ट्रोवर्ल्ड महोत्सवात 10 जण गेले. छाती दाबली जाऊन श्वास कोंडला, हे मृत्यूचं कारण निघालं. गर्दीतले लोक कार्यक्रम थांबवा म्हणून ओरडत होते.

एका चौरस मीटरमध्ये सहा-सात माणसं कोंबली गेली की कोणाच्या पायांवर कोणाचा ताबा राहत नाही. मागून आलेला हेलकावा सगळ्यांना एकत्र वाहून नेतो. त्यात सभ्य माणूस आणि टपोरी दोघंही सारखेच हतबल असतात. तिथे प्रेक्षकांच्या वागण्याची चर्चा करणं म्हणजे आयोजकांना मोकळं सोडणं. दारं किती, कुंपण कसं, थांबवायचा अधिकार कोणाकडे, हे प्रश्न आधी विचारायला हवेत.

उलट, ज्या हुल्लडीला पूर्णपणे प्रेक्षकच जबाबदार असतो ती बऱ्याचदा आवाजच करत नाही. डोक्याच्या वर फोन धरून अख्खी मैफल रेकॉर्ड करणारा आणि मागच्या तिघांना पडद्याचा उजेड दाखवणारा. प्रयोग चालू असताना वाजणारा फोन घेऊन ‘नाटकात आहे, बोल’ असं कुजबुजणारा. 2019 मध्ये सुबोध भावे यांनी मोबाइलच्या या त्रासाला कंटाळून नाटकात काम करणंच थांबवावं का, असं जाहीरपणे लिहिलं, तेव्हा कुठे महापालिकेच्या नाट्यगृहांत जॅमर बसवण्याची चर्चा सुरू झाली. किशोरीताई आमोणकर श्रोत्यांची चुळबुळ खपवून घेत नसत आणि त्याबद्दल त्यांना तऱ्हेवाईक म्हटलं गेलं. मला त्यांची बाजू बरोबर वाटते. ज्या बाईने आयुष्य एकेका स्वराच्या शोधात घालवलं, तिने समोरच्याच्या पिशवीची कुरकुर का सोसावी?

मात्र एका माणसाला या सगळ्यातून वगळा: नवख्याला. 1 ऑगस्ट 1971 ला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बांगलादेशसाठी झालेल्या कॉन्सर्टमध्ये पंडित रविशंकर आणि उस्ताद अली अकबर खाँ साहेब वाद्यं जुळवत होते. जुळवणं थांबलं तशी लोकांना वाटलं वादन झालं, आणि त्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला. जुळवणंच इतकं आवडलं असेल तर वादन आणखी आवडेल अशी आशा आहे, असं पंडितजी हसून म्हणाले आणि वाजवायला लागले. त्याआधी त्यांनी वादन चालू असताना सिगारेट ओढू नका अशी विनंती मात्र आठवणीने केली होती. पहिली गोष्ट अजाणतेपणाची होती, ती हसून सोडून दिली. दुसरी संगीताचा मान राखण्याची होती, ती सांगितली.

म्हणून सिंफनीच्या दोन भागांमध्ये टाळी वाजवणाऱ्या मुलीकडे वळून डोळे वटारू नका, ती ऐकत होती म्हणूनच तिने टाळी वाजवली. आणि शेवटच्या बसची वेळ झाली म्हणून मैफलीच्या शेवटी होणाऱ्या भैरवीच्या आधी निघावंच लागत असेल, तर आधीची चीज संपून तंबोरे पुन्हा जुळवले जात असताना निघा. तेवढ्या वेळात दारापर्यंत सहज पोहोचता येतं.