जॉन हॅसल

जॉन हॅसल (२१ मे १८६८ – ८ मार्च १९४८) हा इंग्लिश पोस्टर-चित्रकार. जन्म केंटमधल्या वॉल्मरचा. त्याने पुस्तकांची चित्रं केली, नाटकांच्या जाहिराती केल्या, कोडॅकसाठी काम केलं, पण आज नाव राहिलंय ते मुख्यतः एका रेल्वे पोस्टरमुळे.

चित्रकलेकडे तो उशिरा वळला. लष्करी अधिकारी व्हायचं म्हणून सँडहर्स्टच्या प्रवेशासाठी दोनदा प्रयत्न केला, दोन्हीदा जमलं नाही, मग भावाबरोबर कॅनडात मॅनिटोबाला शेती करायला गेला, आणि तिथून पाठवलेली रेखाटनं 'द ग्राफिक' या लंडनच्या साप्ताहिकाने घेतली तेव्हा १८९० च्या सुमारास परत आला. पुढे अँटवर्प आणि पॅरिसला शिक्षण. पॅरिसला तेव्हा पोस्टरचा बहर होता. तिथल्या आल्फॉन्स मुखा या चेक पोस्टर-चित्रकाराचा प्रभाव त्याच्यावर सांगितला जातो तो खरा असावा, पण मुखाची नाजूक वेलबुट्टी हॅसलकडे नाही. त्याच्याकडे जाड काळी रेघ, सपाट रंग आणि भरपूर मोकळी जागा. हे नुसतं आवडीचं नाही, छपाईचंही गणित आहे. लिथोग्राफीत, म्हणजे दगडावरून होणाऱ्या छपाईत, साधारण प्रत्येक रंगाला वेगळा दगड लागायचा, म्हणजे रंग कमी तर दगड कमी आणि खर्चही कमी, शिवाय प्लॅटफॉर्मवर घाईत चालणाऱ्या माणसाला लांबून दिसायला हवं ते वेगळंच. १८९५ पासून डेव्हिड ॲलन अँड सन्स या छापखान्यासाठी काम करताना त्याचा हात यात बसला.

'स्केगनेस इज सो ब्रेसिंग' हे पोस्टर १९०८ चं, ग्रेट नॉर्दर्न रेल्वेसाठी. लंडनच्या किंग्ज क्रॉसवरून लिंकनशरच्या किनाऱ्यावरच्या स्केगनेसला ईस्टरच्या सुट्टीत सहलीची गाडी, भाडं ३ शिलिंग. चित्रात एक जाडजूड कोळी, तोंडात पाइप, पायात मोठे बूट, हात पसरून ओल्या वाळूवर उड्या मारत निघालाय. गाडी नाही, इंजिन नाही, हॉटेल नाही! 'ब्रेसिंग'ला मराठीत नेमका एक शब्द नाही; अंगाला झोंबतो पण तरतरी आणतो असा वारा. उत्तर समुद्रावरून येणारा तिथला वारा खरोखरच गार असतो, आणि जी गोष्ट एरवी लपवली असती तीच इथे जाहिरात झाली, हे मला या पोस्टरचं सगळ्यात मोठं यश वाटतं.

वाक्य कोणाचं यावर मात्र मतभेद आहेत. हॅसलचंच असं सर्रास लिहिलं जातं. दुसरं मत असं की रेल्वेतल्याच कुणा कर्मचाऱ्याने ते सुचवलं. दुसरं जास्त पटतं, कारण हॅसलने तोवर स्केगनेस पाहिलंच नव्हतं असं बहुतेक ठिकाणी नोंदलंय, तो तिथे पहिल्यांदा गेला १९३६ मध्ये. मानधनाचंही तसंच. कुठे १२ पौंड लिहितात, कुठे १२ गिनी. पौंड म्हणजे २० शिलिंग, गिनी म्हणजे २१, म्हणजे फरक १२ शिलिंगांचा. चित्रकार, डॉक्टर, वकील यांची फी तेव्हा गिनीतच सांगायची पद्धत होती, त्यामुळे १२ गिनी धरणं बरं. जुन्या प्रती ओळखताना कंपनीचं नाव बघावं: ग्रेट नॉर्दर्न १९२३ मध्ये लंडन अँड नॉर्थ ईस्टर्न रेल्वेत विलीन झाली, तेव्हा हे दुसरं नाव असलेली प्रत १९०८ ची असू शकत नाही.

१९०० मध्ये त्याने चार्ल्स फान हाव्हरमाटबरोबर लंडनला चित्रशाळा काढली, तिथे पोस्टर-डिझाइन हा वेगळा विषय म्हणून शिकवायचे. व्यंगचित्रकार एच. एम. बेटमन आणि बर्ट थॉमस हे तिथलेच विद्यार्थी. पहिल्या महायुद्धात शाळा बंद पडली, नंतर पत्राद्वारे शिकवणं सुरू झालं.

मुलगी जोन हॅसल लाकडावरच्या कोरीव छापचित्रांसाठी प्रसिद्ध, मुलगा ख्रिस्तोफर कवी आणि गीतकार. स्केगनेसने तो नाचरा कोळी गावाची खूण म्हणून कायम ठेवलाय, त्याचा पुतळाही तिथे आहे.