आहारतज्ज्ञाची उमेदवारी स्वयंपाकघरापासून का?

नाशिकच्या एखाद्या मोठ्या रुग्णालयात आहारशास्त्राची प्रशिक्षणार्थी म्हणून रुजू होणारी मुलगी (मुलगे या शाखेत अजून कमीच) डॉक्टरांबरोबर वॉर्डात फिरायला मिळेल या अपेक्षेने पांढरा कोट घालून येते आणि पुष्कळदा तिची पहिली नेमणूक होते ती रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात. कच्ची डाळ तोलायची, ती शिजून किती झाली हे मोजायचे, एका वाटीत किती मावते याची नोंद करायची, मधुमेहींच्या आणि मूत्रपिंडाच्या रुग्णांच्या डब्यांची अदलाबदल झालेली नाही ना हे पाहायचे, अशी ती कामे असतात. काहींना त्यात कमीपणा वाटतो. परंतु हा पेशा मुळात उभा राहिला तोच वजनकाट्यापाशी, हे त्याचा इतिहास पाहिला की लक्षात येते.

अन्न हा उपचाराचा भाग आहे, ही कल्पना आपल्याकडे नवी नव्हती. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सत्ताविसावा अध्याय अन्नपानालाच वाहिलेला आहे, आणि शोधनानंतर (वमन-विरेचनासारख्या शरीरशुद्धीनंतर) पेया म्हणजे पातळ पेज, विलेपी म्हणजे घट्ट पेज, यूष म्हणजे डाळीचे कढण अशा चढत्या क्रमाने रुग्णाला नेहमीच्या जेवणावर आणणारा संसर्जनक्रम वैद्य आजही पाळतात. मात्र त्या व्यवस्थेत पथ्य सांगणारा वैद्य आणि ते रांधणारी घरातली बाई, एवढी दोनच माणसे होती. रुग्ण घर सोडून संस्थेच्या खाटेवर आला, त्याचे अन्न अनोळखी माणसे शिजवू लागली, तेव्हा या दोघांच्या मधल्या तिसऱ्या माणसाची गरज निर्माण झाली.

पाश्चात्त्य रुग्णालयांत ही जागा आधी परिचारिकांनी सांभाळली. भोवती अन्न मुबलक असूनही, ते खाता येईल अशा रीतीने आणि वेळेवर न दिल्यामुळे रुग्ण उपाशी राहतात, अशी तक्रार फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ मध्येच केली होती. अमेरिकेत आहारतज्ज्ञांची संघटना १९१७ मध्ये स्थापन झाली. पुढे जानेवारी १९२२ मध्ये टोरांटोत एका मधुमेही मुलाला पहिल्यांदा इन्सुलिन टोचले गेले आणि त्यानंतर आहाराचे मोजमाप ही चैन राहिली नाही, कारण औषधाची मात्रा आणि ताटातील पिष्टमय पदार्थ यांचा मेळ चुकला तर रुग्णाच्या जिवावर बेतू शकत होते. एडिंबरोच्या रॉयल इन्फर्मरीत १९२४ मध्ये रूथ पायबस या परिचारिकेकडे आहाराचे स्वतंत्र काम सोपवले गेले, तर अमेरिकन संघटनेने १९२७ मध्ये पदवीनंतर रुग्णालयात सहा महिने उमेदवारी करण्याचा नमुना आखून दिला.

भारतात ही वाट प्रयोगशाळेतून आली. ब्रिटिश डॉक्टर रॉबर्ट मॅककॅरिसन यांनी आजच्या तामिळनाडूतील कुन्नूर येथे १९१८ मध्ये बेरीबेरी या ब-१ जीवनसत्त्वाच्या अभावाने होणाऱ्या आजाराच्या अभ्यासापासून सुरू केलेल्या कामातून पोषण संशोधन प्रयोगशाळा आकाराला आली. ती १९५८ मध्ये हैदराबादला हलली आणि १९६९ पासून राष्ट्रीय पोषण संस्था या नावाने ओळखली जाऊ लागली. ती कुन्नूरला असताना संचालक वॉलेस आयक्रॉइड यांच्या कारकिर्दीत १९३७ मध्ये भारतीय अन्नपदार्थांच्या पोषणमूल्यांचे कोष्टक प्रसिद्ध झाले. याच संस्थेतील सी. गोपालन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे १९७१ चे कोष्टक पुढे अनेक पिढ्यांच्या विद्यार्थिनींनी जवळजवळ पाठ केले, आणि २०१७ मध्ये नवी कोष्टके आली. नागलीतील (नाचणीतील) कॅल्शियम जुन्या कोष्टकात शंभर ग्रॅमला ३४४ मिलिग्रॅम, तर नव्यात ३६४ मिलिग्रॅम आहे. पण हे आकडे कच्च्या धान्याचे आहेत. रुग्ण पीठ खात नाही, भाकरी खातो, आणि ती जाड थापली की पातळ, यावर सारा हिशेब फिरतो. प्रशिक्षणार्थीला काट्यापाशी उभे करतात ते यासाठी. हे शिकल्याशिवाय कागदावरचा १,५०० कॅलरींचा आहार हा निव्वळ अंदाजच ठरेल, असे माझे मत आहे.

शिक्षणाची बाजू मात्र वेगळ्याच घरात वाढली. धोंडो केशव कर्वे यांनी १९१६ मध्ये स्थापन केलेले महिला विद्यापीठ, दिल्लीचे १९३२ चे लेडी आयर्विन महाविद्यालय अशा संस्थांमधून हा विषय गृहविज्ञानाच्या अंगाने रुजला. नाशिकमध्येही कर्वे यांच्याच विद्यापीठाशी संलग्न महिला महाविद्यालय आहे. राज्याचे आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून याच शहरात, म्हसरूळला आहे, पण आहारशास्त्राची मुळे त्याच्या अंगणातली नव्हेत. शिकायचे गृहविज्ञानात आणि काम करायचे वैद्यकात, या फाटाफुटीमुळे प्रशिक्षणार्थीला केसपेपरवर लिहिण्याचा अधिकार कितपत, हा प्रश्न दीर्घकाळ रुग्णालयागणिक वेगवेगळा सुटत राहिला.

१९६३ मध्ये स्थापन झालेल्या इंडियन डाएटेटिक असोसिएशनने नोंदणीकृत आहारतज्ज्ञाची परीक्षा आणि तिच्यासाठी रुग्णालयातील उमेदवारीची अट घालून या कामाला शिस्त लावली, तरी ती नोंदणी ऐच्छिकच होती. रुग्णालयांना मानांकन देणारे एनएबीएच आल्यावर रुग्णाच्या पोषणस्थितीची नोंद ही तपासणीत विचारली जाणारी बाब झाली आणि खासगी रुग्णालयांत या पदाचे वजन वाढले. संबद्ध व आरोग्यसेवा व्यवसायांसाठीचा राष्ट्रीय आयोग कायदा २०२१ मध्ये आला, तेव्हा कुठे आहारतज्ज्ञाचे नाव कायद्याच्या अनुसूचीत लागले.

नाशिक जिल्ह्यात या साऱ्या इतिहासाला आणखी एक पदर आहे. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर या आदिवासी तालुक्यांतील तीव्र कुपोषित मुलांसाठी पोषण पुनर्वसन केंद्रांची पद्धत केंद्र सरकारच्या २०११ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार चालते. दंडघेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरलेल्या मुलाला सुरुवातीला शंभर मिलिलिटरमागे ७५ कॅलरींचा आहार दर दोन तासांनी, वजनानुसार मोजून द्यायचा असतो. दूध, साखर, तेल यांपासून तो तेथेच तयार करता येतो. भुकेलेल्या मुलाला एकदम भरपेट देणे धोक्याचे असते, त्यामुळे येथे पळीभर जास्त म्हणजे माया नव्हे, हे आईला समजावून सांगणेही त्याच कामात येते. आणि मोठ्या माणसांच्या वॉर्डात, काल दिवसभरात काय खाल्ले असे विचारल्यावर सुरगाण्याहून आलेल्या आजीबाई ‘दोन भाकरी अन् कालवण’ एवढेच सांगतात, तेव्हा ती भाकरी केवढी होती हे त्यांच्याकडून तळहाताच्या मापाने काढून घ्यावे लागते.