ओढ बसली की आवळणारी गाठ

त्वचेच्या आणि आतड्याच्या पेशी एकमेकींना धरून राहतात, त्यात मोठा वाटा कॅडहेरिन या प्रथिनाचा. पण बाहेरची पकड पुरत नाही; तिचं आतलं टोक ॲक्टिनच्या तंतूंना, म्हणजे पेशीच्या सांगाड्याला, बांधलेलं असावं लागतं. ही गाठ कशी बसते हे उलगडायला जवळपास चार दशकं गेली.

सुरुवात एका बारीकशा फरकातून झाली. 1970च्या दशकात जपानी जीवशास्त्रज्ञ मासातोशी ताकेइची क्योतोहून अमेरिकेत बाल्टिमोरच्या कार्नेगी संस्थेत गेले, तर क्योतोत सुट्या केल्यावर पुन्हा सहज चिकटणाऱ्या पेशी तिथे चिकटेनात. पेशी सुट्या करायला ट्रिप्सिन या प्रथिनं कापणाऱ्या विकराचं द्रावण वापरत, आणि तिथे त्यात ईडीटीए हे रसायन घालत. ते कॅल्शियम बांधून टाकतं. क्योतोच्या द्रावणात ईडीटीए नव्हतं. कॅल्शियम असलं तर चिकटवणारं प्रथिन ट्रिप्सिनपासून वाचतं, नसलं तर कापलं जातं. 1977मध्ये त्यांनी कॅल्शियमवर चालणारी ही पकड वेगळी काढून दाखवली. प्रयोग फसला म्हणून द्रावण ओतून न देता त्याच्या मुळाशी जाणं, हे मला या साऱ्या इतिहासात सर्वांत मोलाचं वाटतं.

1988मध्ये अकिरा नागाफुची आणि ताकेइची यांनी कॅडहेरिनचं पेशीच्या आत असलेलं शेपूट छाटलं. बाहेरचा भाग शाबूत होता, तरी पेशी चिकटेनात. मग त्या शेपटाला आत धरतं कोण? पुढच्याच वर्षी जर्मनीत रोल्फ केमलर यांच्या गटाला त्याच्याशी जोडलेली तीन प्रथिनं सापडली. लॅटिनमध्ये साखळीला कॅटेना म्हणतात, त्यावरून ती कॅटेनिन झाली. 1995मध्ये अल्फा-कॅटेनिन ॲक्टिनला थेट धरतं असं दिसलं आणि चित्र पूर्ण झाल्यासारखं वाटलं: कॅडहेरिन, बीटा-कॅटेनिन, अल्फा-कॅटेनिन, ॲक्टिन. पाठ्यपुस्तकांत हीच साखळी छापली गेली.

2005मध्ये स्टॅनफर्डच्या विल्यम वाइस आणि जेम्स नेल्सन यांच्या गटांनी शुद्ध प्रथिनं एकत्र करून पाहिली, तर साखळी जुळेचना. बीटा-कॅटेनिनला धरलेलं अल्फा-कॅटेनिन ॲक्टिनकडे जवळपास वळत नव्हतं. क्षेत्राला हा मोठा धक्का होता. आपल्याच विषयातलं सर्वमान्य चित्र असं जाहीरपणे मोडायला धैर्य लागतं.

परीक्षानळीत नव्हता तो ताण. जिवंत पेशीत मायोसिन हे प्रथिन ॲक्टिनला सतत ओढत असतं. 2010मध्ये शिगेनोबु योनेमुरा आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की ओढ बसली की अल्फा-कॅटेनिन उलगडतं आणि व्हिन्क्युलिन हे आणखी एक प्रथिन तिथे येऊन जोडलं जातं. 2014मध्ये स्टॅनफर्डलाच प्रकाशाच्या चिमट्याने, म्हणजे लेसरच्या झोतात मणी धरून, एकच ॲक्टिन तंतू दोन सूक्ष्म मण्यांमध्ये ताणून कॅडहेरिन-कॅटेनिनच्या जोडणीवर टेकवला. हलकी ओढ होती तेव्हा बंध चटकन सुटत होता. ओढ वाढवली तसा तो, फास आवळावा तसा, जास्त वेळ टिकला. फारच जोर लावला, तेव्हा मात्र सुटला.