तारांवरच्या विजेला जमीन कशी नडते, थोडी मागची गोष्ट

अर्थिंगचं, म्हणजे करंट जमिनीत उतरवायला पुरलेल्या रॉडचं, रीडिंग घ्यायला साहेब येणार म्हटलं की सकाळीच खड्ड्यात दोन बादल्या पाणी आणि ओंजळभर मीठ जातं, हे लाइनवर काम केलेल्या कुणाला सांगायला नको. मीही बघितलंय, जागेचं नाव नको, मे महिना होता, मुरमाड माळावरची डीपी (ट्रान्सफॉर्मरची जागा), कोरड्यात अर्थ मेगर, म्हणजे जमिनीचा अडथळा मोजायचा डबा, चाळीस ओहमच्या वर दाखवत होता आणि पाणी मुरल्यावर बारा. ओहम जितका कमी तितकं अर्थिंग चांगलं. रजिस्टरला बारा लागले. लबाडी आहेच ती, पण जमीन नेमकी किती ओहमची धरायची या प्रश्नाशी जगभरची इंजिनिअर मंडळीसुद्धा पावणेदोनशे वर्षं झटतायत, आणि त्यांनीही बराच काळ सोयीचाच आकडा धरला होता.

सुरुवात तारायंत्रापासून. १८३८ मध्ये जर्मनीत कार्ल ऑगस्ट फॉन श्टाइनहाइल न्युरेंबर्ग-फ्युर्थ रेल्वेचे रूळच तार म्हणून वापरता येतील का ते बघत होता. रूळ कुठले इन्सुलेटेड असणार, करंट सगळा जमिनीत जायला लागला. त्यातून त्याच्या डोक्यात आलं की परतीची दुसरी तार हवीच कशाला, जमीनच परतीची तार. तांब्याचा खर्च अर्धा झाला आणि लोकांचा समज पक्का झाला की जमीन म्हणजे फुकटातला उत्तम कंडक्टर. तसं खोटंही नाही ते, कारण जमिनीतून करंट जायला जागा एवढी अफाट मिळते की मधल्या शेकडो किलोमीटरचा अडथळा जवळजवळ जाणवतच नाही, जो काही ओहम लागतो तो रॉडच्या आजूबाजूच्या चार-दोन मीटर मातीतच. तारायंत्राला हे पुरत होतं. वीजपुरवठ्याच्या लाइनला नाही पुरलं, पण ते कळायला वेळ लागला.

माती मोजायची पद्धत १९१५ मध्ये अमेरिकेच्या ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समधल्या फ्रँक वेनरने मांडली. चार खुंट्या एका रेषेत, सारख्या अंतरावर, बाहेरच्या दोघींतून करंट सोडायचा, आतल्या दोघींमध्ये व्होल्टेज मोजायचं, व्होल्टेजला करंटने भागून जो ओहम येईल त्याला २π आणि खुंट्यांमधलं अंतर यांनी गुणलं की मातीची रेझिस्टिव्हिटी, म्हणजे ती माती मुळात करंटला किती अडवते ते, ओहम-मीटरमध्ये. खुंट्या लांब लांब रोवल्या की खोलवरची जमीन कळते, जवळ रोवल्या की वरची. (फ्रान्समध्ये श्लुंबर्जे असंच काही १९१२ पासून खनिजं शोधायला करत होता.) १९१५ हेच खोपोलीचं टाटांचं वीजघर सुरू झाल्याचं साल, म्हणजे घाटाखालून मुंबईच्या गिरण्यांकडे तारा निघाल्या तेव्हा पायाखालची जमीन मोजायची ही पद्धत अगदीच नवी होती. चार खुंट्या आजही त्याच आहेत, फक्त डबा डिजिटल झालाय.

मग १९२६. अमेरिकेच्या बेल टेलिफोन कंपनीतल्या जॉन कार्सनने तार आणि तिच्याखालची खरीखुरी, म्हणजे अर्धवट वाहक जमीन, यांचं गणित मांडलं. विजेच्या तारांमुळे टेलिफोनमध्ये येणारी घरघर हा तेव्हाचा मोठा तंटा होता. पण त्या गणितातून निघालं ते भारीच निघालं: परतीचा करंट किती खोलवरून आल्यासारखा वागतो ते माती आणि फ्रिक्वेन्सी या दोघांवर ठरतं. १०० ओहम-मीटरची जमीन आणि आपली ५० हर्ट्झची वीज घेतली तर सुमारे ९३० मीटर. हजार ओहम-मीटरला जवळजवळ २.९ किलोमीटर! आणि तीच १०० ओहम-मीटरची जमीन, पण विजेच्या लोळासारखी झटक्यात चढणारी लाट, म्हणजे फ्रिक्वेन्सी मेगाहर्ट्झच्या घरात, तर फक्त साडेसहा मीटर. करंट वरच्या पापुद्र्यात दाटीवाटीने येतो आणि लाट तिथे ऊर्जा गमावत जाते, पुढची धार बोथट होते. म्हणजे वाईट जमिनीचा एक फायदाही आहे, तारेवरून धावणारी लाट ती लवकर दमवते. हा फायदा लोक विसरतात.

इकडे अमेरिकेत हाय व्होल्टेज लाइन पावसाळी वादळात सारख्या ट्रिप व्हायच्या आणि कारणावरून दोन तट पडले होते. जनरल इलेक्ट्रिकच्या पीक नावाच्या इंजिनिअरचं म्हणणं, वीज जवळपास कुठेतरी पडते आणि तारेत व्होल्टेज इंड्यूस होतं, म्हणजे तारेला न शिवताच चढतं. वेस्टिंगहाउसचा चार्ल्स फोर्टेस्क्यू १९३० मध्ये ठासून सांगत होता की मोठ्या लाइनवर घोळ थेट पडणाऱ्या विजेचा आहे. पेनसिल्वेनियातल्या वॉलेनपॉपॅक-सीगफ्रीड या २२० केव्ही (किलोव्होल्ट) लाइनवर यंत्रं लावून मोजमापं झाली, तसंच इतरही काही लाइनवर, आणि हाय व्होल्टेजपुरता फोर्टेस्क्यू खरा ठरला.

इथून मातीला एकदम किंमत आली. तारांच्या वर जमिनीशी जोडलेली अर्थ वायर ओढली, पडणारी वीज तिच्यावर घेतली, ठीक, पण तो करंट शेवटी टॉवरच्या पायातून जमिनीतच उतरणार ना. ढोबळ हिशोब करा: ३० किलोअँपिअर उतरले आणि पायाशी १० ओहम असेल तर टॉवर ३०० केव्हीला चढतो. १३२ केव्ही लाइनचं इन्सुलेशन साधारण ६५० केव्ही सोसतं, म्हणजे निभावलं. पाय खडकात असेल आणि १०० ओहम असेल तर ३००० केव्ही, मग टॉवरकडून तारेकडे उलटी ठिणगी उडते, तिलाच बॅक फ्लॅशओव्हर म्हणतात. (खऱ्यात करंट शेजारच्या टॉवरांकडेही वाटला जातो, टॉवरचं इंडक्टन्सही मधे येतं, पण मुद्दा तोच.) आपल्याकडे टॉवरच्या पायाला १० ओहमची मर्यादा पाळतात ती याच विचारातून. आणि खडकात दहा येतच नाही तिथे टॉवरच्या पायापासून जमिनीत आडवी तार पुरत न्यायची, काउंटरपॉइज. बेवली या इंजिनिअरने १९३४ मध्ये तिचं गणित आणि चाचण्या दोन्ही मांडल्या, आणि त्यात गंमत अशी की लाटेला ती तार सुरुवातीला नुसता ओहम दिसत नाही, लाट आधी तारेतून धावते आणि मग जमीन हळूहळू भागीदार होते, त्यामुळे एकच लांबलचक तार पुरण्यापेक्षा तेवढ्याच तारेचे चार तुकडे चार दिशांना बरे.

पण गावातल्या ११ केव्ही लाइनच्या बाबतीत पीकचं म्हणणं बरोबर होतं. तिचं इन्सुलेशन ७५ केव्हीच्या आसपास, तिला थेट वीज पडायची गरजच नाही, बांधापलीकडच्या आंब्यावर पडली तरी पुरे. याचं सूत्र स्वीडनच्या सुने रुस्कने १९५८ मध्ये स्टॉकहोमला दिलं, इतकं सुटसुटीत की आजही पाठ्यपुस्तकात आहे. ३० किलोअँपिअरची वीज, तार ७ मीटर उंच, वीज १०० मीटरवर पडलेली, उत्तर ७८ केव्ही. पण या सूत्रात माती कुठेच नाही. रुस्कने जमीन आदर्श कंडक्टर धरलीये, जणू वावरात तांब्याचा पत्रा अंथरलाय. श्टाइनहाइलचा जुना समज १२० वर्षांनी परत गणितात येऊन बसला होता.

तो निघायला आणखी वीसेक वर्षं गेली. १९८० मध्ये अग्रवाल, प्राइस आणि गुरबक्षानी यांनी तारेत इंड्यूस होणाऱ्या व्होल्टेजचं जे मॉडेल दिलं त्यात तारेच्या दिशेने असणारं आडवं विद्युतक्षेत्र महत्त्वाचं होतं. आदर्श जमिनीवर पृष्ठभागाशी आडवं क्षेत्र शून्य. खऱ्या जमिनीवर ते शून्य नसतं, क्षेत्र कलतं आणि तारेतल्या करंटला मीटरामीटराला ढकलत जातं, तार लांब असेल तर ते साठत जातं, तारेच्या टोकाशी तर व्होल्टेजचं चिन्हसुद्धा उलटं होऊ शकतं. ते आडवं क्षेत्र कमी कष्टात काढायचं सूत्र कूरेने १९९२ मध्ये आणि रुबिनस्टाइनने १९९६ मध्ये दिलं, दोघांच्या नावानेच ओळखलं जातं. कामाच्या माणसाला सोपं पडेल असं मात्र ऑस्ट्रेलियाच्या डार्व्हेनिझाने २००७ मध्ये केलं: रुस्कचंच सूत्र ठेवा, फक्त तारेच्या उंचीत मातीच्या रेझिस्टिव्हिटीच्या वर्गमुळाच्या ०.१५ पट मीटर मिळवा. बस्स. वरचंच उदाहरण घ्या, १०० ओहम-मीटरची माती असेल तर तार ७ ऐवजी साडेआठ मीटरवर असल्यासारखी, ७८ चे ९५ केव्ही. हजार ओहम-मीटरला उंची पावणेबारा मीटर, व्होल्टेज १३० च्या वर. खांब तोच, वीज तीच, खालची जमीन तेवढी बदलली.

एवढं सगळं करूनही मातीचा एकच आकडा धरायची सवय राहिलीच होती, ती दोन बाजूंनी मोडली. एक म्हणजे करंट जोरात घुसला की रॉडभोवतीच्या मातीतच बारीक ठिणग्या पडतात, दर मीटर मातीमागे ३०० ते ४०० केव्हीचा ताण आला की, आणि रॉड आहे त्यापेक्षा जाडजूड असल्यासारखा वागतो, ओहम उतरतो. रेताड जागी वीज पडून वाळू वितळून काचेच्या नळ्या होतात त्याचाच हा धाकटा भाऊ. ल्यू आणि डार्व्हेनिझा यांनी १९७४ मध्ये याचं मॉडेल केलं. दुसरं म्हणजे मेगर मोजतो ते कमी फ्रिक्वेन्सीला, आणि आकाशातल्या विजेच्या फ्रिक्वेन्सीला तीच माती जास्त वाहक असते, विशेषतः जास्त ओहमची. यावर ब्राझीलच्या मिनास जेराइसमधल्या विसाक्रो आणि अलिपिओ यांचं काम बघण्यासारखं आहे, तिकडची जमीन हजारो ओहम-मीटरची, त्यामुळे गरज त्यांनाच जास्त. २०१९ मध्ये सिग्रे या वीजक्षेत्रातल्या आंतरराष्ट्रीय संस्थेने यावर वेगळं ब्रोशरच काढलं. दोन्ही गोष्टी आपल्या फायद्याच्या, म्हणजे मेगरचा आकडा थोडा घाबरवणारा असतो असं म्हणता येईल, पण म्हणून कुणी रजिस्टरला आधीच कमी लिहू नये.

आता आपल्या मातीचं. कोकणात जांभा, पाणी धरत नाही, मेपर्यंत खडखडीत. देशावर बसॉल्ट आणि वर वीतभर मुरूम, खडक कोरडा असला की हजाराच्या पुढे सहज. काळी माती त्या मानाने लाडकी, भिजली की दहा-वीस ओहम-मीटर, कुठेही रॉड ठोका. पण आपल्याकडे विजा कडाडतात त्या मुख्यतः वळवाच्या पावसात, एप्रिल-मे आणि जूनच्या तोंडावर, नंतर परतीच्या पावसात. परतीच्या वेळी जमीन निदान ओली असते. वळवाच्या पहिल्या विजा पडतात तेव्हा मात्र जमीन वर्षातली सगळ्यात कोरडी असते, आणि काळ्या मातीचं तर त्यात आणखी एक लफडं आहे, ती सुकली की आकसते, भेगा पडतात आणि रॉडपासून माती सुटते. मी एकदा बोट घालून बघितलं होतं, करंगळी सहज गेली रॉड आणि मातीच्या मधे, दोन पेरं. जुलैमध्ये तिथेच तीन ओहम लागले होते, पाणी न ओतता.